हजारात सातशे एक्क्याऐंशी

उभ्या माणसाचं माप घेऊन नाचाचा कपडा होत नाही, असं अप्पा म्हणायचे. भरतनाट्यमचा पोशाख शिवायला एखादी मुलगी आली की ते तिला आधी अर्धवट खाली बसायला सांगायचे. गुडघे बाजूला, पाठ ताठ, नाचताना बसतात तशी. मग टेप आईच्या हातात आणि नजर अप्पांची. मुलीच्या मांड्या थरथरायला लागायच्या, पण अप्पांना घाई नसे. आई एकेक आकडा मोठ्यानं सांगायची, अप्पा तो वहीत उतरवायचे, आणि मुलीची आई कौतुकानं बघत उभी असायची. मद्रासच्या मैलापुरातल्या चांगल्या चांगल्या घरांतल्या मुली आमच्याकडे यायच्या. हे बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायची तर मला माझ्याबद्दल बरीच मारता येईल, आणि पुढे मारणारच आहे.

आम्ही तंजावरकडचे मराठी शिंपी. आजोबा मद्रासला आले ते एक मशीन आणि दोन कात्र्या घेऊन, असं घरात सांगत. आता मी लिहिते आहे ती मराठी पुण्यात नोकरी करता करता शिकलेली आहे. घरात आम्ही बोलायचो ती वेगळी होती, जुनी, मध्ये मध्ये तमिळ टाचलेली. पुण्यात पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा ऑफिसातल्या मुली हसल्या होत्या. त्या हसण्याबद्दल पुढे कधी लिहीन किंवा लिहिणार नाही. घरात बाहेरच्या खोलीत तीन मशीनं होती. दोघं कारागीर आणि अप्पा. आतल्या खोलीत आई हुक लावायची, काजं करायची, आणि तिथंच स्वयंपाक, देव, माझी पुस्तकं. डिसेंबरात मार्गळी महिना लागला की शहरभर संगीताच्या सभांमधून गाणी-नाच सुरू व्हायचे आणि आमच्याकडे पायडल थांबायचं नाही. पहाटे देवळातला भोंगा, मग दूधवाला, मग पहिलं मशीन. त्या आवाजावरून मला कळायचं की अप्पा रेशमावर बसलेत की अस्तरावर. रेशमावर ते हळू जायचे, श्वास धरून चालल्यासारखे. जेवायला त्या महिन्यात आई सोपं काहीतरी करायची, रसम-भात आणि डांगर पच्चडी, बाजूला ताकातली मिरची तळून. उडदाच्या पिठाची ती पच्चडी आम्ही सगळे उभ्या उभ्या भाताबरोबर ओरपायचो, कारण खाली बसायला जागा नसायची. जमिनीवर कांचीपुरमच्या साड्या पसरलेल्या असायच्या, त्यावर एक थेंब पडला तर संपलंच.

त्या घरात मी बी.एस्सी. झाले. इलेक्ट्रॉनिक्स, पहिला वर्ग. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, पुरुषसुद्धा नाही. मी हुशार होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. माझ्याबरोबरच्या मुलींच्या घरी वडील इंग्रजी वर्तमानपत्र वाचायचे, भाऊ गणितं सोडवून द्यायचे. माझ्या घरी माझा फॉर्म मी भरायचे आणि अप्पांची सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवायचे. अप्पांना तमिळ वाचता यायचं, इंग्रजी अक्षरं नाहीत. अंक मात्र ते जगातल्या कुठल्याही कागदावरचे वाचत. दहावीला मला किती टक्के, बारावीला किती, साठच्या वर पहिला वर्ग, पंचाहत्तरच्या वर डिस्टिंक्शन, हे त्यांना पाठ होतं. गिऱ्हाइकाला ते न विचारता सांगायचे. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

पदवी झाली आणि नोकरी लागेना. इकडे कुंभकोणमला आईच्या मामेभावाचा मुलगा होता, त्याचंही शिंपीकामाचं दुकान. त्यांनी विचारलं होतं. अप्पांनी त्यांना तै महिन्यापर्यंत, म्हणजे पोंगलपर्यंत, थांबायला सांगितलं. तोवर नोकरी लागली तर बघू, नाहीतर अंबू कुंभकोणमला. अंबू म्हणजे मी, अंबुजा. मुलगा वाईट नव्हता. पण मला दिसत होतं की पंचविसाव्या वर्षी मी तिकडे हुक लावत बसलेली असेन आणि बी.एस्सी.चं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं असेल, देवाच्या फोटोच्या खाली.

तेवढ्यात पार्थसारथी सरांनी एक वाट दाखवली. त्यांची मुलगी श्रीनिधी हिचं अरंगेट्रम, म्हणजे लोकांपुढे पहिला पूर्ण नाच, पोंगलच्या आसपास व्हायचं होतं आणि तिचे चार पोशाख आमच्याकडे होते. सर ब्राह्मण, पेरुंगुडीच्या एका कंपनीत नेटवर्कचा विभाग सांभाळायचे. मापं द्यायला बायको वैदेही मामींबरोबर ते एकदाच आले होते आणि बाहेरच्या खोलीत जागा नसल्यामुळे दारात उभे होते. माझं पुस्तक त्यांनी पाहिलं, दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग म्हणाले, "नेटवर्किंगची ती सर्टिफिकेशनची परीक्षा दे. पोंगलनंतर मला दोन माणसं घ्यायचीत. पास झालीस की कागद घेऊन सरळ घरी ये." अप्पांनी मशीन थांबवलं होतं. सर गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "घरी ये म्हणाले ना? ऑफिसात नव्हे, घरी?" मी म्हटलं, हो. ते परत शिवायला लागले, पण त्या दिवशी रेशमावर त्यांचं मशीन भराभर चाललं.

क्लास गिंडीला होता, एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्याच्या वर. खाली पत्रा ठोकायचे आणि वर जोसेफ सर आम्हाला एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी कसं बोलतं ते शिकवायचे. वीस विद्यार्थी आणि राउटर दोन, तेही जुने, पंखा गुरगुरणारे. प्रत्येकाला आठवड्यात वीस मिनिटं हात लावायला मिळायचा. बाकीच्यांच्या घरी कॉम्प्युटर होते. मी घरी कमांड तोंडपाठ म्हणायचे, आईची काजं चालू असताना. आई विचारायची, "कोणास बोलूलीस गे?" मी म्हणायचे, राउटरशी. "तो काय म्हणतो?" "तो गप्प आहे." "मग पुरुषच असेल," आई म्हणायची.

पत्ते वाटण्याची गणितं, म्हणजे एका मोठ्या नेटवर्कचे लहान-मोठे तुकडे पाडणं, मी अप्पांच्या खाकी कागदावर सोडवायचे. जुन्या पोशाखांचे नमुने कापून उरलेला तो कागद. एकदा अप्पा येऊन मागे उभे राहिले.

"हे काय कापूलीस?"

मी सांगितलं की एका कंपनीला अमुक इतके पत्ते मिळालेत, चार विभाग आहेत, कुणाला साठ लागतात, कुणाला तीस, कुणाला फक्त दोन. वाया न घालवता वाटायचे. त्यांनी कागद हातात घेतला.

"आधी कोणता कापतेस?"

"कोणताही चालेल."

"चालेल कसा? मोठा तुकडा आधी. बारके मग उरल्यात निघतात. आधी बारके काढलेस तर मोठ्याला सलग कापड राहील का?"

जोसेफ सरांनी तीन तास घेऊन जे सांगितलं होतं ते हेच. मी तसं म्हटलं तर अप्पांना काही विशेष वाटलं नाही. "म्हणजे तुझे सर पण शिंपीच," म्हणाले आणि निघून गेले. मला त्या संध्याकाळी वाटलं होतं की ही परीक्षा मी नापास होऊच शकत नाही, आमच्या रक्तातच आहे ती. आज हे आठवलं की अंगावर काटा येतो, आनंदानं नाही.

परीक्षेच्या आधीचे दोन रविवार मी क्लासला गेले नाही. एका कारागिराच्या घरी कुणी वारलं, तो गावी गेला, आणि पोशाखाच्या समोर पंख्यासारख्या उघडणाऱ्या चुण्या घालायला अप्पांना माझे हात हवे होते. त्या चुण्या आमच्या घरात अप्पांनंतर मलाच जमायच्या. मी तोंड वाकडं केलं. अप्पा लाडानं म्हणाले, "पास झाल्यावर कोण विचारणार आहे? या दोन आठवड्यांपुरतं कर, कण्णा." मी केलं. बरीच वर्षं मी ते दोन रविवार अप्पांच्या खात्यावर लिहून ठेवले होते. आता म्हातारपणाच्या जवळ आल्यावर खरं सांगायचं तर मी हट्ट धरला असता तर त्यांनी सोडलं असतं. मला वाटलं होतं, शेवटचे दोन वर्ग उजळणीचे असणार, ते मठ्ठ मुलांसाठी.

परीक्षेचं केंद्र एका थंडगार खोलीत होतं, सहा कॉम्प्युटर, मध्ये फळ्या. सुरुवातीला सूचनांची चार-पाच पानं होती. ती मी न वाचता पुढे ढकलली, सूचना वाचण्यात वेळ कोण घालवतो. आणि मग मी आमच्या घरात काम करतात तसं काम सुरू केलं. आमच्याकडे कुठलाही पोशाख आधी कच्च्या टिपेनं जोडतात. सगळे तुकडे पांढऱ्या दोऱ्यानं सैल टाचायचे, अंगावर घालून बघायचं, मग पक्की शिलाई. एकाच बाहीवर बसून राहणारा कारागीर अप्पांच्या हाताखाली टिकायचा नाही. मी शाळेपासून पेपर असाच सोडवत आले होते. पहिली फेरी कच्ची, जे सुचेल ते खूण करून पुढे, दुसरी फेरी पक्की. कॉलेजात त्यावरच पहिला वर्ग मिळवला होता. इथेही पहिले अठरा-वीस प्रश्न मी तसेच टाचत गेले. अवघड गणिताला अंदाजानं काहीतरी खूण केली आणि मनाशी म्हटलं, परत येऊ. बाविसाव्या प्रश्नावर एक गणित करताना मला आधीच्या प्रश्नाचं उत्तर उमगलं. मी मागे जायचं बटण शोधायला लागले. बटण नव्हतं. हात वर केला. तिथली मुलगी आली आणि हळूच म्हणाली, "मागे जाता येत नाही. सूचनांत लिहिलंय ना." शेवटच्या रविवारी जोसेफ सरांनी तेच तीनदा बजावून सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. पुढचे प्रश्न मी नीट सोडवले, एकेक पक्की टीप घालत. पण अठरा-वीस तुकडे सैल टाचलेले मागे राहिले होते. शेवटी पडद्यावर आकडा आला. हजारात सातशे एक्क्याऐंशी. पास व्हायला साडेआठशे लागायचे.

त्या मुलीनं कागद छापून, शिक्का मारून दिला. मी बसनं घरी आले तेव्हा दुपार होती, मशीनं चालू होती. वाटेत मी ठरवलं होतं की दारातच सांगून टाकायचं. अप्पांनी माझ्या हातातून कागद घेतला. मी चपला काढत होते. ते अंकावर बोट ठेवून उभे राहिले, ओठ हलले, आणि मग कारागिराला म्हणाले, "थांब रे. हजारात सातशे एक्क्याऐंशी. म्हणजे शंभरात अठ्ठ्याहत्तर." आणि मग आत आईला हाक मारून, "ऐकलेस का? अठ्ठ्याहत्तर. डिस्टिंक्शन."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एवढंच वाक्य होतं, पास व्हायला साडेआठशे लागतात, अप्पा. पण दोघं कारागीर उठून उभे राहिले होते. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिनं माझ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मला वाटलं, आता नको, सगळ्यांसमोर नको, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी आईनं गोड रवा केसरी केला आणि शेजारी दिला. दुसऱ्या दिवशी कागद देवापुढे होता, एका कोपऱ्याला कुंकू लागलेलं. प्रत्येक तासाला ते वाक्य सांगणं अवघड होत गेलं. आज मी पन्नास लोकांचा विभाग चालवून निवृत्त झाले आहे, मोठमोठ्या माणसांच्या तोंडावर त्यांची चूक सांगितली आहे. पण त्या तीन दिवसांत आमच्या त्या खोलीत मला एक वाक्य बोलता आलं नाही.

चौथ्या दिवशी अप्पा श्रीनिधीचे दोन तयार पोशाख द्यायला निघाले. "तूही चल," म्हणाले. "कागद घे." मी म्हटलं, मी एकटी जाईन, नंतर. "मी येऊ नको का?" असं त्यांनी विचारलं. मी देवापुढचा कागद उचलला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

सरांचं घर आमच्यापासून चार रस्ते पलीकडे होतं. अप्पा तिथे पंधरा वेळा तरी गेले असतील, कधी बसले नव्हते. कपडे द्यायचे, उभ्या उभ्या कॉफी प्यायची, निघायचं. त्या दिवशी मामी आत श्रीनिधीला पोशाख घालून बघत होत्या आणि सर म्हणाले, "बसा." अप्पा सोफ्यावर बसले. टेकून नाही, कडेला, पण बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांनी माझ्याकडे बघून खूण केली आणि मी कागद दिला.

सरांनी चष्मा लावला. त्यांना एक क्षण पुरे होता. त्यांनी आधी अप्पांकडे पाहिलं, ते हसत होते. मग माझ्याकडे पाहिलं. आणि इंग्रजीत, आवाज अगदी साधा ठेवून, मला विचारलं, "यांना माहीत आहे?"

मी इंग्रजीतच म्हटलं, "नाही, सर."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग इंग्रजीतच बोलले, जणू परीक्षेबद्दलच काही सांगतायत. "थोडक्यात गेलंय. पुन्हा दे. फेब्रुवारीअखेरपर्यंत एक जागा मी भरत नाही. पास झालीस की ये. आणि घरी सांग, मी सांगणार नाही." मग तमिळमध्ये अप्पांना म्हणाले, "मुलगी हुशार आहे तुमची." अप्पांनी हात जोडले. कॉफी आली, ती आम्ही प्यायलो. इतकं नीट माझ्याशी त्या वयात दुसरं कुणी वागलं नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर अप्पा कोपऱ्यापर्यंत पुढे पुढे चालले. मग म्हणाले, "इंग्रजीत बरंच बोलले. कधीपासून यायचं म्हणाले?"

मी चालत राहिले.

"अंबू. कधीपासून?"

"जागा भरली म्हणाले."

ते थांबले. फुलवालीच्या टोपलीला त्यांचा पाय लागला, ती ओरडली, त्यांना ऐकू गेलं नाही. "भरली कशी? मज त्यांनी सांगितलं होतं. आपल्या दारात उभं राहून."

इथपर्यंत चाललं असतं. जागा भरतात, कुणाचा दोष नसतो. पण ते माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांचं ते बघणं थांबवायचं होतं, म्हणून मी आणखी एक वाक्य बोलले. मी म्हटलं, "त्यांच्यातल्याच कुणालातरी घेतलं असेल."

आयुष्यभर दारात उभं राहून कॉफी प्यायलेल्या माणसाला ते वाक्य समजावून सांगावं लागत नाही. त्यांचा चेहरा मी पाहिला. तो रागावलेला नव्हता. आपल्याला आधीच कळायला हवं होतं, असा होता.

श्रीनिधीचे आणखी दोन पोशाख आमच्याकडे होते, कापून झालेले, कच्च्या टिपेत. आमच्या घराची एक रीत होती: कात्री लागेपर्यंत कापड गिऱ्हाइकाचं, कात्री लागली की शिंप्याचं. कापलेलं कापड न शिवता परत देणं म्हणजे प्रेत अर्ध्या वाटेत ठेवण्यासारखं, असं आजोबा म्हणायचे. गिऱ्हाईक भांडलं, मेलं, गाव सोडून गेलं, तरी शिवून ठेवायचं. दुसऱ्या सकाळी अप्पांनी दोन्ही पोशाखांची टीप उसवली, तुकडे एकावर एक ठेवले, उरलेल्या चिंध्या, जरीचे काठ, कॅनव्हाससुद्धा, आणि जुन्या धोतरात गाठोडं बांधलं. आई म्हणाली, "अहो, नका. अरंगेट्रमला नऊ दिवस राहिले. ती पोर काय घालील?" अप्पा म्हणाले, "त्यांच्यातला शिंपी शोधतील." आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.

मी ते घेऊन गेले. सर ऑफिसला गेले होते. मामींनी दारातच गाठ सोडली आणि आतलं हिरवं रेशीम बघून त्या खाली बसल्या. "हे काय ग? शिवलं नाही?" मग, "आमचं काही चुकलं का? काही बोललो का आम्ही?" मागे श्रीनिधी उभी होती, सोळा वर्षांची, पायात घुंगरू. मी म्हटलं, "अप्पांच्या डोळ्यांना त्रास होतोय. रेशमावर दिसत नाही." मामी म्हणाल्या, "अय्यो, डॉक्टरला दाखवलं का? यांच्या ओळखीचे आहेत." त्या आत पत्ता लिहून आणायला गेल्या आणि तेवढ्यात मी जिना उतरले.

नऊ दिवसांत कुणीतरी ते तुकडे जोडले असणार. ती कशी नाचली ते मला माहीत नाही.

यातून माझं नुकसान काय झालं? काही नाही, हेच वाईट. कुंभकोणमचे लोक पोंगलला आले तेव्हा अप्पांनी त्यांना सांगितलं, डिस्टिंक्शनची मुलगी आहे, अन्याय झालाय तिच्यावर, आता ती शिंप्याच्या घरात जाणार नाही. स्वतः शिंपी असलेला माणूस हे शिंप्यांना सांगत होता. फेब्रुवारीत मी आईच्या दोन बांगड्या गहाण ठेवून पुन्हा परीक्षेला बसले. आईला म्हटलं, पुढची पायरी आहे. सूचनांची सगळी पानं वाचली, प्रत्येक प्रश्न जागेवर पक्का केला आणि नऊशे चौतीस मिळवले. तो कागद पेरुंगुडीला नेता येत नव्हता. जागा ठेवली होती, मला माहीत होतं. त्या घराच्या रस्त्यानंही मी जाऊ शकत नव्हते. जिथे जिथे अर्ज केले त्यातून पुण्याहून एक बोलावणं आलं आणि मी गेले. स्टेशनवर अप्पा म्हणाले, "इथल्या लोकांनी तुज ठेवून घेतलं नाही. त्यांचंच नुकसान." त्यांनी माझा देवापुढचा पहिला कागद मला बरोबर दिला होता, नोकरीत दाखवायला.

त्यानंतर पंचवीसेक वर्षं अप्पांनी ती गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकांना, लग्नात, नातवंडांना. सांगता सांगता ती घडत गेली. सरांनी कागद सोफ्यावर फेकला, असं एका वर्षी आलं. मग, कॉफी वेगळ्या पेल्यात दिली, हेही आलं. मी समोर असायचे. पार्थसारथी सर रस्त्यात दिसले की अप्पा पलीकडच्या बाजूला जायचे, आणि ते बिचारे डोळ्यांची चौकशी करायला रस्ता ओलांडून यायचे, असं आई सांगायची.

आई गेल्यावर मी अप्पांना पुण्याला घेऊन आले. एका दुपारी ते माझा नवरा सुधीर याला तीच गोष्ट सांगत होते, सुधीरनं ती कितव्यांदा ऐकली देव जाणे. तो फोन घ्यायला आत गेला आणि मी अप्पांच्या पायाशी जाऊन बसले. सगळं सांगितलं. साडेआठशेचं, मागे न जाता येण्याचं, सर इंग्रजीत काय बोलले ते शब्दाशब्दानं. त्यांच्यातल्याच कुणालातरी, हे मी मनानं जोडलं होतं, तेही.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बोटांवर काहीतरी मोजलं. "हजारात सातशे एक्क्याऐंशी," म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर टक्के. कोणत्या देशात अठ्ठ्याहत्तरला नापास करतात?"

"त्या परीक्षेत करतात, अप्पा. मी नापास झाले होते. ते चांगले वागले, मी खोटं बोलले."

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सरी, बरं, कण्णा," म्हणाले. "सोड आता."

मला वाटलं, त्यांना कळलं. मला वाटलं, संपलं एकदाचं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि ते बाहेर सुधीरशी बोलत होते. त्यांना वाटत होतं की हळू बोलतायत, पण कान गेल्यामुळे त्यांचं हळू आता मोठंच असायचं.

"अंबूचं मन फार मोठं," ते सांगत होते. "त्या माणसाचं नाव राखायला आज मज म्हणाली, मीच नापास झाले होते म्हणून. स्वतःवर घेतलं. एवढं शिकलेलं माणूसच असं करतं."

सुधीरनं स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. मी पोळी लाटत होते. ती तव्यावर टाकली आणि पुढचा गोळा हातात घेतला.